पाप्यांच्या वाट्याची रोझरी

पापातून मुक्त झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर निराळंच तेज येतं, असं म्हणतात. माझ्या धाकट्या भावाच्या चेहऱ्यावर ऑक्टोबरच्या त्या संध्याकाळी तेज होतं खरं. पण त्यातलं निम्मं घरातल्या आल्तारावर, म्हणजे देव्हाऱ्यावर, सोडलेल्या विजेच्या माळेचं होतं. नाताळची ती माळ आईने त्याच्यासाठी दोन महिने आधीच काढली होती.

बाहेर कापणीला आलेल्या भाताचा कोरडा, गोडसर वास रेंगाळत होता आणि आत मेणबत्तीच्या धुरात, सोनचाफ्याच्या दरवळात शेजारणी रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, येऊन बसत होत्या. बाबा गेल्यापासून आमच्या घरी रोझरी मी सांगते. मान लहानसाच, पण माझ्याकडे तेवढाच होता.

धाकटा पीटर चर्चच्या तपसाधना शिबिराहून परतला होता. वर्षभर तो दारूच्या थेंबाला शिवला नव्हता, त्यामुळे त्याची थट्टा करणंही अवघड झालं होतं.

“मी आता पापी नाही, बाय,” तो मला म्हणाला. “ख्रिस्तात मी नवा झालो. जुना पीटर मेला.”

“माझी छत्री त्यानेच नेली होती. त्याच्याबरोबरच पुरली का?”

“छत्रीसाठीपन प्रार्थना करतो!” तो मोठ्याने हसला. शेजारची एंजेला मावशीही खिदळली.

“आज पीटरच सांगेल रोझरी,” आई म्हणाली. “तुझं काय, रोजचंच आहे.”

रोज असणं हा जणू माझाच दोष, अशी मी मागे जाऊन बसले. रोझरीत सांगणारा पवित्र मारियेची स्तुती करतो आणि मागे बसलेले ‘आम्हा पापी लोकांसाठी’ विनंती करतात. म्हणजे जपमाळेच्या प्रत्येक मण्यागणिक पीटर गोड आवाजात स्तुती करणार आणि लग्नातली वाईनही ओठाला लावून परत ठेवणारी मी स्वतःला पापी म्हणवून घेणार. ही वाटणी मला फार झोंबली.

दर दहा मण्यांआधी येशू-मारियेच्या आयुष्यातलं एक रहस्य, म्हणजे एक प्रसंग, सांगायचा असतो; त्यातल्या चौथ्या रहस्याचं नाव तो विसरला. मागे वळून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी क्षणभर गप्प राहिले. ते गप्प राहणं मला आवडलंही. मग सांगितलं. त्याने ते नाव निःसंकोचपणे उचललं आणि पुढे चालू लागला. त्याच्या जागी मी असते, तर वर्षभर ती चूक उगाळत बसले असते.

लहानपणापासून मी नेमाने पापनिवेदनाला जाते. क्षमा दर वेळी मिळाली. मी ती जपून ठेवलेल्या साडीसारखी कपाटात ठेवली. पीटरने मात्र मिळाल्या दिवशीच अंगात घातली. आता तो चिखल चुकवून चालतो, तो शिक्षेच्या भीतीने नव्हे. अंगावरचं वस्त्र आपलंच आहे, एवढ्या साध्या खात्रीने. मला हेवा आईच्या नजरेचा वाटत नव्हता. त्या खात्रीचा वाटत होता, आणि ती मागावी कशी, हे अजून मला कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोझरी पुन्हा मीच सांगू लागले. पीटरला वालीवच्या कारखान्यात दुसरी, संध्याकाळची पाळी लागली होती.