टीव्हीनं विचारलं आणि मी येस दाबलं

राजारामपुरीतल्या आमच्या घरमालकीण पद्माकाकू माझ्यासाठी एकदा खोटं बोलल्या, तेही पर्युषणात, जैनांच्या उपास-व्रताच्या दिवसांत.

मी हिंगोलीकडचा, नववीतून शाळा सोडलेला. कागलच्या एमआयडीसीत कामाला आणि काकूंच्या माडीवर भाड्यानं. एकदा त्यांच्या रिमोटचे सेल बदलून दिले, तेव्हापासून घरात मला ‘इंजिनेर’ म्हणायला लागले. मीही कधी नाही म्हणालो नाही. (कोण म्हणेल?)

काकूंच्या मुलीच्या होणाऱ्या सासूबाई जेवायला येणार होत्या. त्यांना काका-काकूंच्या लग्नाची फिल्म टीव्हीवर दाखवायचं ठरलं. कॅसेट बुरशीनं गेलेली. फिल्म तेवढी कॉम्प्युटरवर उरली होती. काकांनी नवी हार्ड डिस्क आणून माझ्या हातात दिली. ती जोडली, तर कॉम्प्युटर विचारतो, फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, कुठली? फॅट-३२ की एनटीएफएस?

“काकू, कुठली घेऊ?”

“इंजिनेर तू, मला काय इचारतोस? पहिली हाय ती घे की.”

पहिली घेतली. कॉम्प्युटर म्हणाला, एवढी मोठी फाइल हिच्यात मावत नाही. अख्खी डिस्क रिकामी असताना! मग दुसरी घेतली, फिल्म गुमान बसली. (कॉपी करायच्या ऐवजी मी ती कट केली होती, म्हणजे कॉम्प्युटरवर काहीच उरलं नव्हतं, हे नंतर कळलं.)

जेवणं उरकून पाहुणे सोफ्यावर बसले. मी डिस्क टीव्हीला लावली. टीव्हीला ती दुसरी सिस्टीम ओळखता येईना. त्यानं इंग्रजीत लांबलचक काहीतरी विचारलं, खाली ‘येस’ आणि ‘नो’. सगळे माझ्याकडे बघत होते. इंजिनेरानं नो कसं म्हणायचं? मी येस दाबलं. डिस्क घासलेल्या ताटासारखी लख्ख झाली.

“काय ओ, फिलम कुठाय?” सासूबाईंनी विचारलं.

काकू म्हणाल्या, “मीच पुसली सकाळी. त्या शालूत माझं ध्यान बघवत न्हाय.”

त्या फिल्ममध्ये काकांची वारलेली आई होती. काका काकूंशी बोलेनात. काकूंनी खोट्याचं प्रायश्चित्त म्हणून उपास धरला. आणि मी माडीवर डबा खात बसलो.

शेवटी खाली गेलो. “काका, फिल्म माझ्या हातनं गेली.”

“म्हाइत हाय. मी काय आंधळा हाय व्हय? बटण तू दाबलंस ते बघितलं की. ती माझ्यासमोर खोटं बोलली, राग त्याचा हाय.”

काकू आतून म्हणाल्या, “पोराला पावण्यांसमोर तोंडघशी पाडू व्हय? हितं त्याचं हाय कोण?”

एक दिवस काकूंची एखादी चूक मी माझ्या अंगावर घेणार, हा माझा शब्द. डोळ्यात तेल घालून वाट बघतोय. पण त्या चुकतच नाहीत, आणि त्या घरात जे काही बिघडतं, ते माझ्याच हातून.