वरच्या खोलीतला मुलगा

वालीवच्या एका कारखान्यात एसी दुरुस्त करता करता ॲन्सेल्म तुस्कानो परदेशी गेला. काही वर्षांनी वसईतल्या नंदाखालला परत आला तो गप्प होऊन. त्या देशाचं नाव तो घरातही काढत नाही, मग आपण तरी कशाला काढा!

तिथे एकाच माणसाचं राज्य होतं, आणि त्याचा फोटो न्हाव्याच्या दुकानातसुद्धा टांगलेला. शेजारच्या देशाशी लढाई जुंपली तेव्हा ॲन्सेल्म अंतर्गत सुरक्षा दलाच्या बराकीत कामाला होता. सरहद्दीवरच्या पोरांना धड बूट नाहीत, असं लोक कुजबुजायचे. इथे शहरात मात्र या दलाला नव्या गाड्या, दोन्ही वेळचं मटण आणि झोपायला थंडगार खोल्या. शत्रू सरहद्दीपलीकडे आणि बंदुका आपल्याच गल्ल्यांवर रोखलेल्या, असला तो कारभार. त्या राजाला खरी धास्ती होती ती घरच्याच माणसांची. ॲन्सेल्मला हे दिसत होतं, पण आपल्याला काय त्याचं, असं म्हणून तो पान्हे उचलायचा.

त्याची घरमालकीण मायाळू बाई होती. तिचा मुलगा आघाडीवरून पळून आला आणि गच्चीवरच्या खोलीत लपून राहिला. तिने हे एकट्या ॲन्सेल्मला सांगितलं आणि तुझ्या देवाला विनव म्हणाली.

आता आमच्या वसईकरांची प्रार्थना म्हणजे कशी? मे महिन्यात क्रुसापुढे रोझरीची माळ म्हणून झाली की प्रत्येकाने मोठ्याने नाव घ्यायचं, तेही खाणाखुणांसकट. बावखलाच्या तळ्यापलीकडच्या अमक्याच्या गुडघ्यासाठी, दळणाच्या गिरणीमागच्या तमकीच्या बाळंतपणासाठी. देव जणू पोस्टमन! तिथेही ॲन्सेल्मच्या खोलीत शुक्रवारी पाचसहा भारतीय माळेला जमत. त्या शुक्रवारी त्याने सवयीने मोठ्याने म्हटलं, "वरच्या खोलीत लपलेल्या आमच्या घरमालकिणीच्या मुलासाठी."

सगळे आमेन म्हणाले. ऑस्करही म्हणाला. हा ऑस्कर बराकीत झाडलोट करायचा, त्याचा पासपोर्ट दलाच्या कपाटात अडकलेला, आणि कानावर पडेल ते साहेबाला कळवल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. त्याला तरी किती दोष द्यायचा?

रविवारी सकाळी गाडी आली. एका भेदरलेल्या पोराला न्यायला गाडीभर माणसं. त्याच्या पायात चपलाही घालू दिल्या नाहीत. पुढे त्याचं काय झालं ते कुणीच सांगितलं नाही.

ॲन्सेल्म परतल्यावरही ती बाई नाताळला फोन करायची. मुलाचा पत्ता नाही, पण तू प्रार्थना करतोस एवढाच आधार आहे, म्हणायची. तो हो हो करायचा आणि मग जेवणावरून उठायचा. त्याची बायको रोवेना एकदा वैतागून म्हणाली, एक तर तिला सांगून टाका, नाहीतर फोन तरी घेऊ नका.

गेल्या नाताळला त्याने सांगितलं. ऑस्करचं नाव घेतलं नाही, फक्त प्रार्थनेत आपल्या तोंडून ते कसं निघून गेलं ते सांगितलं.  शेवटी बाईने एवढंच विचारलं, "तुझ्या देवाला मनातलं ऐकू येत नाही का रे?"

 आणि तिने फोन ठेवला. या नाताळला ॲन्सेल्म दिवसभर फोनपाशी बसून होता. फोन आला नाही.