कै. सुधाकेतू

शालिनीताई पुस्तकातल्या माणसांना पेन्सिलीने मारत असत. उडते सर्प, शापित मुकुट आणि संपता न संपणारी युद्धं असलेल्या जाडजूड कादंबऱ्यांच्या मालिका हे त्यांचं एकमेव व्यसन. ज्या पानावर नायकावरून त्यांचं मन उडे, त्या पानावर त्याच्या नावाआधी त्या बारीक अक्षरात ‘कै.’ लिहीत आणि पुस्तक मिटत. नायक बिचारा पुढचे तीन-चार खंड धडधाकट असे, राज्याभिषेकही करवून घेत असे. ताईंच्या लेखी त्याचं तेरावं उरकलेलं असे.

आम्ही दोघं सुरतेत लिंबायतच्या एका मराठी शाळेत शिकवायचो. त्यांच्याकडून वाचायला आणलेल्या एका पुस्तकात मला पहिल्यांदा तो ‘कै.’ दिसला. मी म्हटलं, “ताई, हा मेला कुठे? हा तर शेवटी सम्राट होतो.”

“म्हणूनच मेला,” त्या म्हणाल्या. “ह्याला काही होणार नाही हे लिहिणाऱ्याला कळलं की मलाही कळतं, मास्तर. मग उरतो तो पुतळा. पुतळ्याच्या डोक्यावर कावळा बसतो. वाचक थोडाच बसून राहील?”

हे ऐकायला गंमत वाटे. पण त्यांचा धाकटा भाऊ अशीच एक मालिका लिहीत होता, आणि तिचं मुद्रितशोधन ताई करत होत्या.

या सुधाकरभाऊंचा साड्यांचा व्यापार. सुरतेत एखादी साडी चालली की तिच्या कॅटलॉगचे व्हॉल्यूम टू, व्हॉल्यूम थ्री निघत राहतात. भाऊंनी साहित्यालाही तोच नियम लावला होता. प्रत्येक खंडाचं प्रकाशन हॉल घेऊन, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांच्या उंचीपेक्षा मोठ्या भाऊंच्या फोटोसह होई. नायकाचं नाव सुधाकेतू. सुधाकर आणि सुधाकेतू यांतलं साम्य हा निव्वळ योगायोग आहे, असं ते प्रत्येक भाषणात कोणी न विचारता सांगत. या सुधाकेतूपाशी अमृतवेल होती. तिचं पान लावलं की कुठलीही जखम भरे.

“ही वेल गाजरगवतासारखी जिथं तिथं कशी रे उगवते?” ताई विचारत.

“ताई, हीरो आहे तो!”

“हीरो आहे की दवाखाना?”

भावाबहिणीचं असं चाले. पहिला खंड लोकांनी खरोखर वाचला होता. दुसरा लोकांनी घरी नेला. तिसरा लिहून होत आला, तेव्हा भाऊंच्या छातीत दुखू लागलं आणि डॉक्टरांनी बायपास सांगितली. तारीख ठरली. भाऊंनी हट्ट धरला की प्रकाशन ऑपरेशनच्या आधी झालंच पाहिजे. का, ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

ताईंनी मुद्रितं घाईत वाचली. एका पानावर सुधाकेतू हसत हसत ज्वालाकुंडात उडी घेतो आणि हसत हसत बाहेर येतो. तिथे ताईंची पेन्सिल थांबली असणार. त्यांनी ते मुद्दाम केलं का, हे मी पुढे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, “हात गेला.”

उधन्यातल्या त्या प्रकाशनाला मी दुसऱ्या रांगेत होतो. प्रमुख पाहुणे एक बिल्डर होते. त्यांनी पुस्तक मधेच उघडलं, घसा साफ केला आणि सभागृहाला ऐकू जाईल असं वाचलं, “कैलासवासी सुधाकेतूने तलवार उपसली.”

कोणीतरी हसलं. पाहुण्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावरही कै. सुधाकेतू घोड्यावर बसला होता. त्याच्या पुढच्या पानावर कै. सुधाकेतूने पोटभर भोजन केलं होतं. व्यासपीठावर भाऊंनी हात छातीकडे नेला तसं हसणं थांबलं. भाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, उभ्या राहिल्या आणि थेट ताईंकडे बघत म्हणाल्या, “त्यांच्या नावाच्या माणसाला मारलंत? याच आठवड्यात?”

ताईंच्या मांडीवरची पर्स घसरून खाली पडली, ती त्यांनी उचललीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेलो. अक्षरजुळणी करणारा मेहुल गुजराती, कामाला चोख. त्याच्या भाषेत मेलेल्या माणसापुढे ‘स्व.’ लावतात, ‘कै.’ त्याने कधी पाहिलाच नव्हता. “बेने लख्युं, में नाख्युं,” तो म्हणाला, म्हणजे ताईंनी लिहिलं, त्याने घातलं. मग जरा अभिमानाने हिंदीत पुढे, “मुझे लगा, हीरो का प्रमोशन हुआ है। एक बार पदवी मिल गई तो आगे सब जगह लगानी पडेगी ना, सर?” संगणकावर एक कळ दाबून त्याने उरलेल्या अख्ख्या पुस्तकात सुधाकेतूला बढती दिली होती. मराठी साहित्यात पदव्यांची एवढी काळजी मी दुसऱ्या कोणाला घेताना पाहिलेलं नाही.

भाऊंनी मात्र निरोप पाठवला, “ताईला सांगा, दवाखान्यात येऊ नकोस.” घरात त्यांनी जेवण टाकलं, ऑपरेशनची तारीख पुढे ढकला म्हणू लागले. डॉक्टर म्हणाले, ढकलण्यासारखं काही उरलेलं नाही. ताई शाळेत येत, तास घेत, आणि मधल्या सुट्टीत फोन समोर ठेवून बसत. तो वाजत नसे.

भाऊंचा फोन मात्र वाजत होता. पहिला फोन पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमधल्या सुपरवायझरचा. ताईंना जाता येत नव्हतं म्हणून मी तेव्हा भाऊंच्या घरी, त्यांच्या उशाशी बसलो होतो. “साहेब, तो मेलाय ना? पण त्याला माहीत नाहीये, बरोबर? जेवताना त्याची बायको त्याच्याकडे बघत नाही, तेव्हाच माझ्या लक्षात आलं.” भाऊंनी फोन आपटला. बायकोने बघितलं नव्हतं, कारण तिला बघायला लावायचं भाऊ विसरले होते. संध्याकाळी दुसरा फोन आला, सकाळी आणखी दोन. सगळ्यांचा प्रश्न एकच होता: त्याला कधी कळणार? तीन खंडांत पहिल्यांदाच कोणीतरी पुढे काय होणार असं विचारत होतं.

ऑपरेशनच्या दिवशी ताई निरोप न मानता आल्या. वहिनींनी दारात अडवलं नाही, पण बाजूलाही झाल्या नाहीत. ताई त्यांच्या खांद्यावरून आत डोकावल्या. भाऊंच्या अंगावर हिरवा डगला होता आणि शाल नसल्यामुळे ते एकदम लहान दिसत होते. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. जरा वेळाने भिंतीलाच विचारलं, “कोठे मन उडनं तुनं?” अगदी मनातलं बोलताना ते दोघं अहिराणीवर येत.

“आगमा उडी मारताना हासना तो,” ताई म्हणाल्या. “जो हासस, त्याले आग लागत नही. मी कसाले घाबरू मंग?”

स्ट्रेचर घेऊन दोघं वॉर्डबॉय आले. वहिनी रडू लागल्या. ताई आत गेल्या आणि त्यांनी भाऊंचा हात धरला.

“आते सांग. तुले खात्री शे का, तू बाहेर येशी?”

असा प्रश्न अशा वेळी विचारायचा नसतो, हे वॉर्डबॉयलाही कळत होतं.

“नही,” भाऊ म्हणाले. “भ्याव लागस, ताई.”

“मंग आते लिखशी तू,” त्या म्हणाल्या, आणि स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत चालत गेल्या.

दार बंद झाल्यावर वहिनी आणि ताई बाकाच्या दोन टोकांना बसल्या. मधल्या जागेत मी. दार उघडेपर्यंत मी दोघींपैकी कोणाकडेही पाहिलं नाही. उघडलं, डॉक्टरांनी होकारार्थी मान डोलावली, तेव्हा वहिनी माझ्या मागून हात लांब करून ताईंचा पदर धरून बसल्या होत्या, असं मला दिसलं.

चौथा खंड भाऊंनी हळूहळू लिहिला. त्यात अमृतवेल नाही. सुधाकेतू आपण जिवंत आहोत की नाही हे शोधत हिंडतो, आणि प्रत्येक दारावर थाप देण्याआधी थबकतो. ताईंनी मुद्रितं वाचली. मी ती चोरून चाळली. ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा पुष्कळ होत्या, ‘कै.’ कुठेच नव्हता. प्रकाशन मात्र त्यांना पाहायला मिळालं नाही. पुस्तक छापायला जाण्याआधीच एका सकाळी शाळेला निघताना त्या जिन्यात बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

अर्पणपत्रिकेवर भाऊंनी फक्त ‘शालिनीताईस’ एवढंच लिहून दिलं. मेहुल आता शहाणा झाला होता. त्याने बातमी ऐकली आणि आपणहून, अगदी आदराने, नावाआधी ‘कै.’ जुळवला. मुद्रित माझ्याकडे आलं, ते मी भाऊंना दाखवलं.

त्यांनी त्या एका अक्षरावर बोट ठेवलं. मग मेहुलला फोन लावला.

“काढ ते,” ते म्हणाले. “तिच्यावरून मन उडालेलं नाही अजून.”