सहा सायकली, एक नवरदेव

ऊर्जानगरच्या आमच्या सायकल ग्रुपवर प्रफुलनं निरोप टाकला: ‘रविवारी सावली गावाकडे. वाटेत मूलला नाश्ता, पुढं एका घरी जेवण, संध्याकाळी परत.’ कोणाचं घर, असं मी विचारलं. मला उगाच खोलात शिरायची सवय आहे. बऱ्याच वेळानं उत्तर आलं: ‘मुलगी बघायची आहे.’

प्रफुल छत्तीसचा. आधीच्या तीन ठिकाणी बोलणी फिसकटली, कारण हा माणूस रविवारी घरात नसतो हे मुलीकडच्यांना मागाहून कळलं. या वेळी त्यानं ठरवलं, आधीच दिसू दे, सायकलवरच जायचं. त्याच्या आईच्या दोन अटी होत्या. सोबत बोलायला कोणीतरी संसारी माणूस हवा, आणि याही मुलीनं सायकलपायी नाही म्हटलं तर सायकल विकायची. त्यानं दोन्ही कबूल केल्या. संसारी माणूस म्हणजे मी. एखादीच्या दारात सहा घामट पुरुषांनी चड्डीवर जाऊन उभं राहणं हा प्रामाणिकपणा की उद्धटपणा, याचा मी आठवडाभर विचार केला, आणि तरी गेलो.

(नावं बदलली आहेत. दोघांनीही हा मजकूर वाचलाय. वंदनानं, म्हणजे त्या मुलीनं, दोन वाक्यं खोडली. ती वाक्यं बरी होती.)

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी: चंद्रपूर ते मूल रस्ता चांगला आहे, पण लोहाऱ्यापासून जंगल सुरू होतं. पूर्ण उजाडल्याशिवाय निघू नका आणि एकट्यानं थांबू नका. आमच्यात एकाला लघवीला लागली की सहाही जण थांबतात. पाच जण झुडपांकडे बघत टाळ्या वाजवतात. वाघाला याचं काय वाटत असेल कोण जाणे, ज्याला लागलेली असते त्याची मात्र गोची होते. मूलला तर्री-पोहे खा, तर्री कमीच घ्या. त्यापुढं दोन्ही बाजूंना धानाची शेतं. कापणी झालेली, बांध्यांमध्ये भाऱ्यांचे ढीग, आणि हवेला ओल्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, वास.

गाव जवळ आलं आणि मेश्रामकाकांच्या पोटरीत गोळा आला. काका साठीचे, वीज केंद्रातून निवृत्त झालेले. प्रफुल नेहमीसारखा सगळ्यांच्या मागं होता. म्हणाला, “तुमी व्हा पुढं. मी आणतो काकाले.”

म्हणून मुलीच्या दारात आम्ही चौघेच पोचलो. एकसारखे हिरवे टी-शर्ट, हेल्मेट, काळे चष्मे. अंगण ताजं सारवलेलं होतं आणि आमच्या बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकवायची खीळ असते. पहिला घसरला, त्याला धरताना दुसरा. मुलीच्या आत्यानं आमच्या गुडघ्यांकडे एकदा पाहिलं, आत गेली, आणि चार दुपट्टे आणून प्रत्येकाच्या मांडीवर एकेक टाकला.

“याच्यातला आपला कोणता जी?” वडिलांनी विचारलं. घरची धानाची शेती आणि गावच्या तलावातल्या मासेमारीत वाटा, असे ते गृहस्थ.

“तो मागून येतोय.”

“नवरदेव मांगून? पंचर झाली का जी?”

“नाही. तो मुद्दाम शेवटी असतो.”

मग मी सावरायला गेलो, आणि माझा स्वभाव आडवा आला.

“पोट्टा दारू पेते का?”

“माझ्यासमोर तरी नाही.”

“पगार?”

“तो सांगतो तेवढा असावा.”

“अन् मानूस म्हनून?”

“माझ्या अनुभवापुरता चांगला आहे.”

आत्या शेजारणीला म्हणाली, “हा त्याच्याकडून आला का त्याच्या दुश्मनाकडून?”

तेवढ्यात प्रफुल आला. एक हात स्वतःच्या हँडलवर, दुसरा काकांच्या पाठीवर. काकांचे डोळे मिटलेले.

“बुढा नवरदेव!” कुंपणापलीकडून कोणी तरी ओरडलं. “ढकलत आनला न् बापा!”

काकांना पेडलमधून बूट सोडवता आला नाही. ते सायकलीसकट तणसाच्या ढिगात आडवे झाले. “मेलो, मेलो!”

मग वंदना बाहेर आली. चहाचा ट्रे वगैरे काही नाही. ती गावच्या आरोग्य उपकेंद्रात सिस्टर आहे. “एक पाय तुमी धरा,” तिनं प्रफुलला सांगितलं, आणि दुसऱ्या पायाची बोटं मागं दाबत बसली. पुढची सगळी मुलाखत काकांच्या दोन पायांवरून झाली.

“काऊन मांगं राह्यता?”

“मांगं शांत असते. कोणी बोलत नाई.”

“मी बोलतो ना!” काका.

“काका, तुमी रडता.”

वंदनाला हसू आलं. तिनं बोटं जरा जास्तच दाबली. काका खरंच रडले.

इकडे वडिलांनी प्रफुलची सायकल एका हातानं उचलली होती. “येवढी हलकी? काही लावाचं राह्यलं का जी?”

“कॅरिअर नाई, घंटी नाई,” आत्या म्हणाली. “बायकोले कुठी बसवशील रे बापा?”

प्रफुलनं काकांचा पाय खाली ठेवला. “बसवता येत नाई. अन् मी रविवारी घरी नसतो. सकाळी जातो, संध्याकाळी येतो. हे आधीच सांगाले आलो.”

मी मनातल्या मनात त्या सायकलीला गिऱ्हाईक शोधू लागलो.

“दर रविवारी?” वंदनानं विचारलं.

“हो.”

“दिवसभर?”

“हो.”

“पक्कं?”

त्यानं मान डोलावली.

“बाबा, मले पसंत आहे,” ती म्हणाली. “सहा दिवस लोक मले दार ठोकून उठवतेत. रविवारी मले झोपाचं आहे. घरी मानूस नसन तं बरंच.”

जेवायला तलावातल्या माशांचा रस्सा आणि नव्या तांदळाचा भात होता. नको म्हणायची सोय नव्हती. निघताना प्रत्येकाच्या टी-शर्टच्या मागच्या खिशात वाळवलेल्या झिंग्यांची पुडी कोंबली गेली. काकांना एसटीत बसवलं. आम्ही पाच जण झिंग्यांच्या वासासकट जंगलातून आलो. इतक्या वेगानं आम्ही कधीच चालवलेलं नाही.

वाटेत प्रफुलनं एकदाच विचारलं, “दादा, ती खुश झाली ती मी आहो म्हणून का मी नसणार म्हणून?”

मी खरं तेच सांगितलं, “माहीत नाही.” घरी येऊनही हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. सायकल वाचली याचा आनंद मानावा, की एका माणसाच्या गैरहजेरीवर संसार उभा राहतोय याची काळजी करावी? बायकोला विचारलं. ती म्हणाली, “मलाही चाललं असतं.”

लग्न झालं. परवाच्या रविवारी प्रफुल आला नाही. आम्ही जिथून निघतो त्या वसाहतीच्या गेटपाशी उभं राहून मी फोन लावला.

“हळू बोला,” तो कुजबुजला. “झोपली आहे.”

“मग ये ना. तुमचं तर तसंच ठरलं होतं.”

“दार लोटलं का कुरकुरते, दादा. थोडा वेळ बसतो.”

“किती वेळ?”

“उठेपर्यंत.”

“बरं,” मी म्हणालो. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की गेटपाशी, भर रस्त्यात, ट्रक जात असताना, मीसुद्धा कुजबुजतच बोलत होतो.