पडद्यावरची काटोल रोडची बाग

आमच्या आळीतल्या बायका सिनेमा पाहायला जात नसत, जागा ओळखायला जात. पडद्यावर तळं दिसलं की, "अवं, हा तर आपला अंबाझरी!" छावणी दिसली की कामठी. निम्म्या वेळा ते तळं भलतीकडचंच असायचं, पण ऐकतं कोण? वाद झालाच तर निकाल आईचा. आई काटोलची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. झाडं, माती, विहिरीची कड पाहून ती ठिकाण सांगायची आणि सहसा चुकायची नाही. त्याचा तिला भारी तोरा होता.

म्हणूनच तो सिनेमा लागला तेव्हा मी धास्तावले. त्यातलं एक गाणं काटोल रोडच्या बागेत घेतलंय, हे आळीला ऐकून माहीत होतं. मला पाहून माहीत होतं. टायपिंगच्या क्लासला दांडी मारून मी तिथे गेले होते, क्लासमधल्याच एका मुलाच्या सायकलवर, डबलसीट! एकोणीस वर्षांची होते. बाबांनी महिनाभर नाही-नाही म्हणत क्लासला हो म्हटलं होतं, तेही एका बोलीवर: काही कानावर आलं तर क्लास बंद आणि येईल ते पहिलं स्थळ पत्करायचं. बाबा बोलले की करत.

शूटिंग चैत्रातलं. चैत्रात झाडावर पिकलेला संत्रा कुठला? सिनेमावाल्यांनी बाजारातून टोपल्या आणून फळं दोऱ्यानं फांद्यांना बांधली होती. आम्ही धुऱ्यावर, बागेच्या बांधावर, उभे राहून पोट धरून हसलो. तेवढ्यात कॅमेरा आमच्याकडे वळल्यासारखा वाटला. वळला होता की नव्हता? सात-आठ महिने मला दुसरा विचार नव्हता.

मॅटिनीला आळीतल्या नऊ जणी निघाल्या. डोकं दुखतंय म्हणून पाहिलं, तर आई म्हणाली, "अंधारात बरं वाटते, चाल." झालं! आईच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला समोरच्या काकू, ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

मध्यंतर झालं तरी गाणं नाही. कापलं असेल, देवा, कापलेलंच असू दे! पण आलंच ते. नायिका झाडांमधून पळत होती आणि तिच्या मागे, धुऱ्यावर, मी. माझी पिवळी साडी. शेजारी तो, सायकल कमरेला टेकवून, संत्र्याची फोड माझ्यापुढे धरलेली. क्षणभराचंच असेल ते दृश्य, मला मात्र संपता संपेना.

काकू पुढे झुकल्या. "वहिनी, ही आपली काटोल रोडची बाग होय ना? अन् मांगं ते कोण उभं..."

"कायची काटोल रोडची!" आई इतक्या जोरात बोलली की पुढची रांग वळून पाहू लागली. "संत्रे पाह्य ना, दोऱ्यानं बांधले आहेत! आमच्याकडे बांधतेत काय असे? पंजाबातली बाग आहे ते."

"पण मले तर..."

"मी काटोलची पोरगी, अन् तू मले बाग शिकवतं काय वं?"

काकू मागे टेकल्या. तोवर गाणं डोंगरावर पोचलं होतं.

घरी येताना आई माझ्या पुढे पुढे चालत होती. बाबांना सांगेल का? कधी सांगेल? ती ओरडली असती तरी परवडलं असतं. माझा जीव टांगणीला.

पुढच्या आठवड्यात पेपरात त्या बागेच्या मालकाचा नटीसोबत फोटो आला. मग आळीनं आईची काय फिरकी घेतली! "वहिनी, संत्रे आणाले पंजाबात जाता काय?" नळावर तेच, हळदीकुंकवातही तेच. पुन्हा कोणी तिला निकाल विचारला नाही. ती आपली हसायची, "चुकलं बाप्पा माझं." मला त्या बायकांचा संताप यायचा, आणि स्वतःची लाज वाटायची.

एका दुपारी राहवेना. ती भाजी निवडत होती. मी विचारलं, "आई, तू बाग ओळखली होती ना?"

"बाग कोण पाहून राहिलं होतं?"

तिनं मान वर केली नाही.

"तो तुले सोलून देत होता, का तू त्याले?"

"तो मले."

तिनं हातातली शेंग मोडली. मग म्हणाली, "बागाईतदाराची पोरगी मी. बावीस वर्षं झाली लग्नाले, तुह्या बाबानं मले एक फोड नाही देली सोलून. जाय, क्लासची वेळ झाली."