अकराव्यांदा गाडी थांबली की उतर

समोरच्या घडीताईंचं बाहेरगावी कुणीतरी आहे, ही बातमी आमच्या आळीत पहिल्यांदा कुणी सोडली ते मला पक्कं ठाऊक आहे. मीच सोडली. पुरावाही तसा होता. थंडी पडली रे पडली की दर रविवारी ही बाई कानटोपी घालून, सायकल घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीनं जायची आणि दिवेलागणीला धुळीनं माखून परतायची. उन्हाळ्या-पावसाळ्यात नाव नाही. "हिवाळी प्रेम आहे," मी म्हणालो आणि आळी आठवडाभर हसली.

बातमी अर्धीच खरी निघाली. बाहेरगावी कुणीतरी होतं, पण तो थोरला भाऊ होता आणि तो कुठल्या गावी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

घडीताई बायंडिंगच्या कारखान्यात छापील कागदांच्या घड्या घालतात, गेली तीस वर्षं. हाताला अशी खोड लागली आहे की बिल असो, तिकीट असो, त्याची चौपदरी घडी घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आमच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली तर आधी कडा जुळल्यात का ते पाहिलं, मग जावयाचं नाव.

भावाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन इथे करायचं असं ताईंनीच ठरवलं. वहिनीचे गुडघे धरलेले, भाचा दूर नोकरीला, म्हणून म्हातारा एकटाच निघाला. आदल्या दिवशी ताईंनी फोनवर बजावलं, "दादा, पाट्या वाचायच्या भानगडीत पडू नकोस. नुसतं मोज. अकराव्यांदा गाडी थांबली की उतर. मी फलाटावर उभी आहे."

दादा शब्दाचा पक्का. आणि नेमकं त्या दिवशी धुकं असं की गाडी सिग्नलला थांबली, पुलाआधी थांबली, उघड्या रानात थांबली. डब्यातल्या एका बाईनं नंतर सांगितलं, एक आजोबा बोटांवर मोजत होते. मोजून झालं तसे पिशवी उचलून दाराकडे गेले. गाडी तेव्हा कुठे उभी होती? खिडकीबाहेर नुसतं पांढरं होतं, म्हणाली.

पोलीस झाले, दवाखाने झाले, वर्तमानपत्रात फोटो झाला. पुढच्या हिवाळ्यात ताईंनी जुनी सायकल घेतली. गाडीनं एका स्टेशनावर उतरायचं, रुळाच्या कडेकडेनं गावोगाव विचारत पुढचं स्टेशन गाठायचं आणि तिथून परतीची गाडी. दिवस लहान, पण उन्हाळ्यात एवढी सायकल मारवत नाही आणि पावसात ती वाट म्हणजे चिखल. एका टप्प्याला कधी एखादाच रविवार लागला, कधी अख्खा हिवाळा. गावात शिरलं की आधी न्हावी. डोळे गेलेल्या माणसालाही दाढी करावीच लागते आणि दादाच्या डाव्या कानामागे वाटाण्याएवढी चामखीळ आहे.

यंदाचा दहावा हिवाळा. घराजवळून सुरुवात केली होती, त्यामुळे उरला तो गावालगतचा टप्पा, दादा जिथून गाडीत बसला तिथला. पहिलं स्टेशन यायच्या आत अकरा वेळा थांबायला गाडी म्हणजे काय चरायला सोडलेली म्हैस आहे? हे मला कळत होतं, तर ताईंना कळत नसेल?

तेवढ्यात भाच्याचा मला फोन. "काका, तुम्ही तरी आत्याला समजवा. कोर्टातून बाबा गेल्याचा कागद झाला. आईनंसुद्धा मन घट्ट केलं. ही एकटीच ऐकत नाही. तो शेवटचा टप्पा झाला की थांबव म्हणावं."

दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला मला एरवी आमंत्रण लागत नाही, इथे तर चालून आलं. मेव्हण्याची सायकल मागून आणली आणि रविवारी स्टेशनावर हजर झालो.

"भाऊजी, तुम्ही?" ताई म्हणाल्या. "सायकलवरून पडलात तर मी उचलणार नाही."

सामानाच्या डब्यातल्या माणसानं दोन्ही सायकली दोरीनं बांधल्या. ताईंना तो ओळखत होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "आज जोडीनं का?" माझीच बातमी माझ्या तोंडावर आली.

उतरलो तेव्हा बोटं हँडलला चिकटतील अशी थंडी होती. ताई पुढे, मी मागे, माझ्या मागे एक कुत्रं. मी दर मैलाला साखळी पडल्याचं निमित्त काढून बसत होतो. पहिल्या गावात न्हावी नव्हताच. दुसऱ्या गावातला म्हातारा. ताईंनी चामखिळीबद्दल विचारलं, तसा तो वस्तरा पुसत पुसत थांबला. ताईंच्या पायातले धुळीचे बूट, माझी धाप, सगळं त्यानं पाहिलं असावं.

"असेल हो," तो म्हणाला. "आला असेल एखाद वेळी. असा माणूस येतो कधीकधी."

मी सायकल भिंतीला टाकून पुढे सरसावलो. ताई शांत होत्या.

"कुठल्या कानामागे?"

"उजव्या."

"काका, मन राखायला खोटं बोलू नका," ताई म्हणाल्या. "मला मग पुन्हा यावं लागतं."

त्यानं मान खाली घातली. गिऱ्हाईकाच्या अर्ध्या गालावर साबण सुकत होता.

त्यानंतर एक वीटभट्टी, एक फाटक, एक शाळा. नाही, नाही, नाही. उन्हं कलली तशी मी, आता पुरे, गाडी चुकेल, म्हणून घाई केली आणि आम्ही थेट स्टेशन गाठलं. गावाचं स्टेशन. इथल्याच बाकावरून वहिनींनी दादाला गाडीत बसवून दिलं होतं. ताई बाकावर टेकल्या आणि तिकिटाची घडी घालू लागल्या. घडी घालायला जागा उरली नाही तरी दाबत राहिल्या.

मी बोलून टाकलं. भाच्याचा फोन, कोर्टाचा कागद, वहिनी, सगळं. "ताई, दहा वर्षं झाली. सगळी लाइन संपली. आता घरी बसा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. गाडी येत होती तिकडे बघत म्हणाल्या, "संपली कुठे? रुळाची पलीकडची बाजू अख्खी आहे. आणि पुढच्या रविवारी तुम्ही येऊ नका, भाऊजी. तुमच्यामुळे आज दोन गावं राहिली."