शीतलचा लेसर आणि माझी जळजळ

मंडळी, आज मी माझ्या जिवलग मैत्रिणीवर मनापासून जळले.

शीतल आणि मी नगरला एकाच बाकावर बसून कोडिंग शिकलो. मी जामखेडच्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिते. ती आभाळात लेसर सोडून धूळ आणि ढग ओळखणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर लिहिते. आज ती ते यंत्र घेऊन चाचणीसाठी आमच्या गावी, खर्ड्याला आली होती.

माझे वडील, अण्णा, स्क्रीनवरचे रंगीत पट्टे बघतच राहिले. "लई भारी हाय पोरी!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला येतं का गं असलं?"

माझ्या पोटात दुखायलाच लागलं. मी तिचा कोड बघायला मागितला, तो खरं तर चूक काढायलाच. आणि सापडली! आभाळ निरभ्र होतं, पण तिचा प्रोग्राम दाट धुळीलाच ढग समजत होता.

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. पण सांगितलं.

शीतलनं मला मिठीच मारली. "काका, माझी चूक हिनं पकडली!" अण्णांची मान ताठ झाली.

तरी यंत्र तिच्याच गाडीतून परत गेलं, आणि मी अजून जळतेच आहे. ज्यांच्यावर जीव आहे, त्यांच्यावरच आपण एवढे का जळतो? तुमचंही असं होतं का?